आठेच शे

हर्षल बोरसेची डिस्क मी मार्चअखेर ताब्यात घेतली,
रजिस्टरवर सही करून, रबरबँड लावलेल्या पाकिटातून.
दहा वर्षांची पांझरा होती तिच्यात, गणितानं वाहवलेली,
दिवसाला एक फाइल,
लीप वर्षं धरून तीन हजार सहाशे बावन्न,
आणि त्या सगळ्यांवर एक छोटीशी फाइल,
कुठला दिवस कुठं ठेवलाय एवढंच सांगणारी.

देवपूरच्या लॅबमध्ये कूलर नुसताच गुरगुरत होता.
मी ती छोटी उघडली.
पडदा काळाच. खाली बारीक लाल अक्षरं:
सापडत नाही
/होम/हर्षल/पांझरा/फायनल/फायनल२/खरंचफायनल/दिवस_०००१

आधी हसू आलं. मग थांबलं.
सगळे दिवस तिथंच होते की, त्याच फोल्डरात,
भाकरीला ठेचा लागून असावा इतके जवळ,
आणि ही बया त्यांना शोधत होती
हर्षलच्या जुन्या कॉम्प्युटरवर,
जो डिसेंबरात पुसून
अ‍ॅडमिशनच्या खिडकीला देऊन टाकला होता.

हर्षल आता हैदराबादला.
फोनवर म्हणाला, माझ्याकडं तर चालायचं.
चालणारच.
आपल्या घरात लाइट गेली तरी माठ सापडतो.

कासाऱ्याच्या पुढं, बंधाऱ्यापाशी,
झुलाल आप्पा पाटकऱ्यांना मी विचारलं होतं,
हातात जीपीएस धरून:
तुम्ही पाणी देता तो फड नेमका कुठं?
मला आकडे हवे होते, दशांशाच्या सहा घरांपर्यंत.
आप्पांनी यंत्राकडं पाहिलं, माझ्या चपलांकडं पाहिलं.
"आठेच शे ना, माय."
पाटाच्या तोंडापासून निघायचं,
दुसरी मोरी सोडायची, चारी उजव्या हाताला ठेवायची,
लिंबाखाली जागल्या झोपलेला असला
तर त्याच्या पायांकडच्या बाजूनं.
आणि धुळ्याहून येणाऱ्यानं, आप्पा?
त्यानं आधी पाटाच्या तोंडाशी यावं.

रात्री मी हर्षलचा प्रोग्रॅम उघडला,
जिथं तो निकाल लिहायला बसतो ती जागा.
एकच ओळ. मुळापासून सगळा पत्ता,
आडनाव तेवढं राहिलेलं.
मी तिथं एक ठिपका ठेवला:
तू आहेस तिथंच बघ.
नकाशांसाठी दोन ठिपके:
एक पायरी वर चढ, मग शेजारच्या दारात.
जुनी ओळ खोडली नाही. तिच्यापुढं खूण केली,
मशीननं ओलांडून जावी, माणसानं वाचावी म्हणून.
कुठं बसून केलं होतं हे, कधी कुणी विचारेल.

सकाळी नदी उघडली. निळी.
शिसोदे सरांनी पेढे आणायला सांगितलं.

जूनमध्ये कलेक्टर कचेरीत दाखवायचं ठरलं
तेव्हा सरांनी पेनड्राइव्हवर फक्त छोटी फाइल घेतली.
एवढीशी तर आहे, म्हणाले, बाकीचं ओझं कशाला.
ठिपक्यानं शेजारी बघितलं.
शेजारी मेहुण्याच्या साखरपुड्याचे फोटो
आणि मिक्सर दुरुस्तीची पावती.
मोठ्या साहेबांनी चहा संपवला, पडदा काळाच,
सर माझ्याकडं बघत होते.
मी तरी काय सांगणार?
लिंब सोबत न नेता लिंबापासूनचा रस्ता नेला होता त्यांनी.

पुढच्या बुधवारी मी अख्खं फोल्डर लॅपटॉपवर घेऊन
साक्रीची एसटी पकडली.
बंधाऱ्याच्या भिंतीवर लॅपटॉप ठेवला. बॅटरी अकरा टक्के.
उन्हात निळा रंग धड दिसेना,
म्हणून आप्पांनी डोक्यावरचा टॉवेल वरून धरला
आणि आम्ही दोघं त्या सावलीत वाकलो.
पाणी पाटाच्या तोंडातून आत शिरलं, फुटलं, पसरलं.
तठे तुमचा फड, मी म्हटलं, ऐकलेली बोली वापरत.
आप्पांनी अंगठा टेकवला.
अर्धं गाव झाकलं गेलं त्याखाली.
"आठे," ते म्हणाले.

त्यांच्या तंबाखूच्या चुन्याचा डाग
पडद्यावर अजून आहे.
रोज नदी त्याच्या खालून जाते.